खेकड्याच्या नवरीची निम्मी गोष्ट

१९५९ साली कोळवणच्या खोऱ्यात एक अमेरिकन कादंबरीकार बाई दोन महिने राहून गेली. नाव एलन. बाप मक्याचा शेतकरी, आणि तिच्या कादंबऱ्याही शेतं, नद्या आणि गुराढोरांच्याच. मराठी ती पुण्यात शिकली होती. सकाळी गावातल्या खोलीवरून निघून ती डोंगरातल्या वाडीवर चढायची आणि फुलाबाईच्या ओट्यावर येऊन बसायची.

फुलाबाई तिला सगळं सांगायची. भाताची रोपं लावायच्या जागी पालापाचोळा जाळून राब कसा भाजतात, बिबट्यानं वासरू कसं नेलं, नवरा तापानं कसा गेला. गोष्ट मात्र नाही. वाडीत गोष्टी दिवेलागणीनंतरच सांगत. दिवसा सांगितली तर मुलांचा मामा वाट चुकतो, असं सगळे मानत. फुलाबाईच्या पोरींना मामा एकच, नथू. आणि तो वाडीतल्या गड्यांबरोबर सुकी मासळी आणायला घाट उतरून कोकणात गेला होता.

एलनला अंधाराआधी खोलीवर परतावं लागे. शेवटच्या आठवड्यात तिनं फारच गळ घातली. भात कांडता कांडता फुलाबाई बोलून गेली, की एका म्हातारीनं खेकड्याला लेक मानलं आणि त्याच्यासाठी नवरी शोधायला निघाली. गोष्टीतली म्हातारी नदीवर पोचली आणि फुलाबाई भानावर आली. मुसळ थांबलं.

"पुढं?" एलननं विचारलं.

"पुढं न्हाई. ऊन हाय अजून."

दोन दिवसांनी बाकीचे गडी मासळी घेऊन परतले. नथू नव्हता. तो मागं राहिला, एवढंच त्यांना ठाऊक.

शेजारची चंद्राबाई पाण्याला जाता जाता म्हणाली, "मडमेला दिवसा गोष्ट सांगितलीस. भोग आता."

फुलाबाई दोनदा घाटाच्या वाटेपर्यंत जाऊन बघून आली. एलन आली तशी ती म्हणाली, "बाई, गोष्ट निम्मी ऱ्हायली, तसा भाऊबी निम्म्या वाटंत अडकलाय. आज सांजंला थांबा. पुरी करू."

एलन हसली नाही. "थांबते," म्हणाली आणि वही उघडली.

"वही ठिवा. हूं कोण म्हणंल? हूं म्हटल्याबिगर गोष्ट चालत न्हाई."

दिवा लागला. एलनचे पहिले हुंकार भलत्याच ठिकाणी पडले. "मडम झोपंत बोलल्यावानी करतीया," धाकटी सोनी खिदळली. मग हळूहळू तिला ताल सापडला. म्हातारीला सून मिळाली, खेकडा बोहल्यावर आडवाच चढला, आणि वऱ्हाड नदी ओलांडून निघालं.

"आन समदी घरला पोचली," फुलाबाई म्हणाली. हे मात्र ती दाराबाहेरच्या अंधाराकडे बघून म्हणाली.

"हूं," एलन म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी नथू लंगडत आला. पायात काटा मोडून पाय सुजला होता, म्हणून घाटाखाली एका घरी पडून राहिला होता.

"वाट चुकला न्हवतास?"

"मी? त्या घाटात? डोळं झाकून येतो मी."

फुलाबाईनं ऐकून घेतलं. पटवून घेतलं नाही.

रविवारी सकाळी एलन निघणार होती. फुलाबाईनं नथूला उठवून उताराला लावलं.

"पाय दुखतोय, अक्का. कशाला?"

"दाखवायला."

"नवरदेव हाय का त्यो, दाखवायला?" चंद्राबाई दारातून म्हणाली.

दोघं खाली पोचली तेव्हा एस.टी. सुटायच्या बेतात होती. एलन खिडकीशी बसली होती. फुलाबाईनं नथूला दंडाला धरून पुढं केलं. एलननं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, फडकं गुंडाळलेल्या पायाकडे पाहिलं, मग फुलाबाईकडे.

"हूं," ती खिडकीतून म्हणाली.