चपातीच्या तीन कोनांची बेरीज

मंडळी, आज आटपाडीच्या आमच्या शाळेत सातवीच्या तासाला एका चपातीनं माझी पार जिरवली.

त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश, हे मी कागद फाडून शिकवते. कागदी त्रिकोणाचे तिन्ही कोपरे फाडायचे आणि टोकं एका जागी जुळवायची, की खाली सरळ रेघ दिसते. सगळ्यांची दिसली. आफरीन कागद विसरली होती, म्हणून तिनं डब्यातली चपाती घेतली. दोनदा घडी घातलेली, जिला आपण सगळे त्रिकोणी म्हणतो ती.

"मॅडम, माझी रेघ न्हाई झाली. पाऊण गोल झाला."

मी हसत कोनमापक लावला. तिन्ही कोपरे काटकोन. बेरीज २७०. वर्ग माझ्याकडे बघतोय आणि मी चपातीचे तुकडे उलटेपालटे करून बघतेय.

मग ट्यूब पेटली. चपातीची एक कड गोल होती. "अगं, त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सरळ लागतात. हा त्रिकोणच नाही."

"मग अम्मी रोज डब्यात काय देती?"

पुन्हा दाखवावं म्हणून वळले, तर शेजारच्या बाकानं पुरावा वाटून खाल्ला होता.

मधल्या सुट्टीत मी माझा डबा उघडला. वह्या ठेवायला आलेली आफरीन आत डोकावली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तुमचं पन चुकलंय."

तिन्ही कडा सरळ येतील अशी चपातीची घडी कुणाला जमत असेल तर आजच सांगा. उद्या माझा पहिलाच तास सातवीवर आहे.