दाजींचा उजवा अंगठा

दाजींनी अकरा वर्षं लक्झरी चालवली, पण अर्ध्याच रस्त्यावर. सकाळी सहाला स्टँडवरून गाडी काढायची, अकराला सीमेच्या नाक्यावर आणायची. तिथं तिकडचा ड्रायव्हर तिकडची गाडी घेऊन आलेला असायचा. दोघांनी चाव्या बदलायच्या, दाजींनी त्याची गाडी घेऊन माघारी फिरायचं. नाक्यावर रस्त्यात आडवा दांडा, त्या दांड्याच्या पलीकडं ड्रायव्हरला परवानगी नाही. गाडी जायची, माणसं जायची, एका बाईचा पिंजऱ्यातला पोपटसुद्धा गेला, दाजी नाही.

तो तिकडचा ड्रायव्हर ताडमाड उंच. दाजी बेताचे. रोज त्याच्या गाडीत बसलं की सीट मागं ढकललेली, आरसा आभाळाकडं. दाजी रोज ओरडायचे, "अरे लांबड्या, मी काय ढग बघत गाडी चालवू?" आणि तो हसत म्हणायचा, "मास्तर, थोडं वाढा की आता."

नाक्यावर गाडी चाळीस मिनिटं थांबणार, एक मिनिट जास्त नाही. ज्याचे कागद झाले नाहीत त्याची बॅग खाली. हा नियम कंपनीचा, पण पाळावा तर दाजींनी. एकदा तर नवऱ्या मुलाला नाक्यावर सोडून आले, वरात गाडीत आणि नवरा रांगेत. ताई, म्हणजे दाजींची बायको, कपाळावर हात मारून म्हणाली, "कुणाचे तळतळाट घेताय?" दाजी म्हणाले, "गाडी कुणासाठी थांबत नाही."

एकुलती एक लेक दिली ती नेमकी दांड्याच्या पलीकडं, नाक्यापासून तीन तासांवर. तिला बाळ झालं. बाळाचे कागद झाले नव्हते, म्हणून तिला येता येईना. रोज फोन, "बाबा, कधी येताय? तुमच्यासारखंच कपाळ आहे हो." दाजींना दुसरं काही सुचेना. त्यांनी रजा टाकली, पासपोर्ट तयार होता, आणि जन्मात पहिल्यांदा प्रवासी म्हणून लक्झरीत बसले. तीन नंबरची सीट, ड्रायव्हरच्या पाठीमागं. गाडी चालवायला नवा ड्रायव्हर, दाजींनीच शिकवलेला. तरी वळण आलं की दाजींचा पाय खाली दाबला जायचा. तो वैतागला, "मास्तर, ब्रेक माझ्याकडं आहे, तुम्ही झोपा."

नाक्यावर खिडकीत नवीन मशीन आलेलं. चार बोटं ठेवा, मग अंगठा ठेवा. दाजींच्या उजव्या अंगठ्याला मशीन लाल दिवा दाखवी. पँटला पुसला, फुंकर मारली, परत लाल.

"साहेब, अकरा वर्षं रोज चहा पितोय आपण."

"मी ओळखतो हो मास्तर. मशीन नाही ओळखत. अंगठा झिजलाय तुमचा, रेषाच नाहीत. स्टिअरिंगनं खाल्ल्या."

"मग स्टिअरिंगवर ठसा घ्या, तिथं असतील."

मागची रांग हसली. साहेबही हसले. दिवा काही हसला नाही.

चाळीस मिनिटं झाली. लांबड्या खिडकीशी आला, मुठीत चावी. "मास्तर, घ्या वेळ. मी नाही हलत." दाजींनी घड्याळ बघितलं, गाडीच्या काचांतून बघणारी माणसं बघितली. एवढ्यांना खाली उतरवलेला माणूस आता कुठल्या तोंडानं थांब म्हणणार! "नीघ," म्हणाले. "एवढी बॅग लेकीला दे. ताईनं टोपडी शिवलीत."

माघारी येताना डोळे पुसत होते, असं नवा ड्रायव्हर सांगतो. दाजी म्हणायचे, एसीचं वारं लागलं.

घरी ताई कडाडली, "जगाला पोचवलंत, आणि स्वतःच्या लेकीच्या दारात जाता येईना!" मग तिनंच मलम आणलं. पंधरा दिवस दाजी हाताला मलम चोपडून, वर पायमोजे घालून बसले. चहाचा कप धरता येईना, चिडचिड करायचे. परत गेले. बोटं चारही पास, अंगठा नापास. साहेब म्हणाले मोठ्या ऑफिसचं पत्र आणा. मोठं ऑफिस म्हणालं आधी नाक्याचं पत्र आणा. इकडून तिकडं, तिकडून इकडं, नुसता चेंडू केला माणसाचा. यात तीन महिने गेले. बाळ बसायला लागलं, ते फोनवर बघितलं.

शेवटी मंगळवारी पत्र आलं. शुक्रवारचं तिकीट काढलं. गुरुवारी दुपारी दाजी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

लेक बाळाला घेऊन निघाली. कागद झाले होते, पण बाळाच्या कागदावर एक शिक्का राहिलेला. नाक्यावर चाळीस मिनिटं झाली तशी नव्या ड्रायव्हरनं लांबड्यापुढं हात केला. "चावी द्या. टाइम झाला. मास्तरांचा नियम आहे."

"मास्तरांचीच लेक आहे खिडकीपाशी, शिक्क्यासाठी," लांबड्या म्हणाला आणि चावी खिशात घालून दांड्यापाशी उभा राहिला. कंपनीचे फोन आले, प्रवासी बोंबलले, ऐकलं नाही त्यानं. कुणीतरी काय झालं ते सांगितलं तेव्हा गाडीतली माणसंच म्हणाली, थांबू.

गाडी सव्वा तास उशिरा आली. इकडं घरात माणसं खोळंबली होती, आता किती थांबायचं म्हणत होती. ताई दारातून हलली नाही, "थांबायचं" एवढंच म्हणायची. लेक पोचली, तिनं बाळ दाजींजवळ नेलं. दाजी असते तर उशीर केला म्हणून आधी लांबड्याला फोन लावून झापलं असतं, मगच नातवाला उचललं असतं.

ते पत्र अजून टीव्हीवर ठेवलंय. ताई हलवू देत नाही. अंगठ्याशिवाय जाऊ द्यावे, असं लिहिलंय. सही आहे, शिक्का आहे, सगळं आहे.