उतारावरची माती

ही घटना लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. विसरलो म्हणून नव्हे. त्यात चुकलेला माणूस मीच होतो.

मी तेव्हा लाखनीकडच्या एका ठाण्यात होतो. उन्हाळा संपत आला होता. खबऱ्याचा फोन आला, एका विधवा बाईच्या बंधाऱ्यातून कुणीतरी बैलबंडीने माती पळवतोय. पावसात जमीन खरडून जाऊ नये म्हणून बाईने स्वतःच्या वावरातल्या नाल्यावर स्वखर्चाने घातलेला तो मातीचा लहानसा बंधारा.

आम्ही एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला भरल्या बंडीसह पकडलं. पंचनामा केला, बंडी जप्त केली. ठाण्याला शेतांमधल्या पांदणीनेही येता आलं असतं. वचक बसावा म्हणून मी त्याला भर आठवडी बाजारातून चालवत आणलं.

"माती कुणाची?"

"मायीच."

"बंधारा तर बाईचा आहे."

"बंधारा तिचाच हाये साहेब. माती मायी हाये. घरी नेऊन राहिलो."

'उडवाउडवीची उत्तरे देतो,' असं मी जबाबात लिहायला लावलं आणि फिर्याद घेण्यासाठी बाईला बोलावलं.

ती आली ती थेट त्याच्याकडे. "जेवले का भाऊ? का यायनं उपाशीच ठेवलं?" मग माझ्याकडे वळली. "साहेब, त्याचं वावर माया वरच्या अंगाले हाये. पानी आलं का त्याची माती माया बांधात येऊन बसते. दर उन्हाळ्यात तो आपली घेऊन जाते. तुमाले चोरच पायजे असन तं पान्याले धरून आना."

सगळं ठाणं हसलं. म्हाताराही हसला. मी बंडी परत केली, त्याला सोडलं.

पण त्याला धरून आणताना बाजाराने पाहिलं होतं, सुटताना कुणीच नाही. पुढे गाव त्याला 'मातीचोर' म्हणू लागलं. ज्याचा माल गेला म्हणतात त्याला आधी विचारावं, हे मी नंतर प्रत्येक नव्या शिपायाला शिकवलं.

निवृत्तीनंतर एका बाजारच्या दिवशी मुद्दाम तिथे गेलो. अपमान चारचौघांत केला होता, माफीही चारचौघांतच मागायची होती. त्यानेच मला ओळखलं. "साहेब, उन्हात कायले उभे? या, चाय घेऊ." टपरीवरच्या लोकांना त्याने सांगितलं, "हे आपले साहेब." मी चहा घेतला, यंदा धान कसं आहे विचारलं आणि बस पकडली.

पुढच्या वर्षी तो गेल्याचं कळलं. "तुम्ही चोर नव्हता, भाऊ. चूक माझी होती." एवढंच म्हणायचं होतं.