मावशीच्या घरात विंडोज नव्हतं

शैलामावशी प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीच्या दोन प्रती ठेवायची आणि त्या कधीही एका गावात ठेवायची नाही. एक लातूरला घरी, दुसरी मुदखेडला काकांच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या, रेल्वे क्वार्टरमध्ये. काका आठवडाभर तिकडे नोकरीला असायचे. सोमवारी ते निघाले की पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सीडी. "चटणी खावा, सीडी कपाटात ठेवा. उलटं करू नका," असं ती दारातून बजावायची आणि काका न ऐकल्यासारखं करून चपला घालायचे.

भूकंप झाला त्या पहाटे ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ड्यूटीवर होती. बोर्डावरचे सगळे दिवे एकदम लागले आणि काही गावांचे परत लागलेच नाहीत, एवढंच तिनं मला एकदा सांगितलं. "एका जागी सगळं ठेवलं की एका झटक्यात जातं बघ," असं म्हणून ती उठली आणि भाजी निवडायला बसली.

अकरावीला मी नांदेडहून तिच्याकडे राहायला गेले. लातूरला शिकायला जाणं हीच तेव्हा एक पदवी होती. गल्लीगल्लीत क्लास, घराघरांत भाड्यानं राहणारी पोरं आणि चौकाचौकात गुणवंतांचे फोटो. माझे वडील चळवळीतले. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. त्यामुळे मला सगळ्यात अन्याय दिसायचा आणि तो मी मोठ्यानं सांगायचे. मावशी मला 'पुढारीण' म्हणायची. तिची मुलगी ज्योती माझ्याच वयाची. तिला सांगायचं काही नसायचं. तिला इंजिनियर व्हायचं होतं.

घरात सुटे भाग जोडून घेतलेला एक कॉम्प्युटर होता. तो घेताना दुकानदार आणि मावशी यांच्यात जे झालं, ते ज्योतीनं मला नक्कल करून दाखवलं होतं.

"ताई, विंडोज टाकून देतो. सगळेच टाकतेत."

"त्याची पावती देतो का?"

"त्याची कशाला पावती?"

"मग ऱ्हाऊ दे. चोरीचं लुगडं मी नेसत न्हाई, चोरीचं मशीन कशाला चालवू?"

आणि एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून तिनं स्वतःच विंडोजच्या जागी चालणारं, फुकट मिळणारं लिनक्स बसवलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली तेव्हा ज्योती म्हणाली, बिघडलं. मावशी म्हणाली, "बोलून राहिलं ते. ऐक की." आयुष्यभर बोर्डासमोर बसलेल्या बाईला आपण काही म्हणावं आणि पलीकडून उत्तर यावं, हे चित्रांवर टिचक्या मारण्यापेक्षा जास्त ओळखीचं वाटत असावं. सुरुवातीला आवाज येत नव्हता. मग आवाज आला तर प्रिंटर गप्प झाला. सगळ्यात अवघड निघालं ते फोनच्या लाइनीवरून इंटरनेट आणणारं मोडेम. आतलं मोडेम लिनक्सला ओळखूच येईना. "आख्ख्या जिल्ह्याला लाइनी जोडून दिल्या मी," ती मशीनपुढे कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आन ह्यो डब्बा मला एक लाइन देईना!" शेवटी ऑफिसातल्या एकाकडून बाहेरून जोडायचं जुनं मोडेम आणलं. त्याची शिट्टी वाजली तशी मावशीनं आम्हाला पेढे दिले.

मी भारावून गेले. हे लिनक्स कुणा एकाच्या मालकीचं नाही, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय, हे कळल्यावर मी रातोरात क्रांतिकारक झाले आणि संगणकाच्या स्वातंत्र्यावर एक जळजळीत पत्रक लिहिलं. मावशीनं ते चष्मा लावून पूर्ण वाचलं. "झ्याक लिहिलंय," ती म्हणाली. "आता मशीनला वाचून दाखव, प्रिंटर चालतो का बघू."

खरी अडचण बारावीत आली. ज्योतीच्या क्लासनं सरावासाठी एक सीडी दिली. त्यात सीईटीचे शेकडो प्रश्न, आणि ती फक्त विंडोजवर चालायची. वर्गातल्या बाकीच्या पोरी घरी बसून सराव करत होत्या. ज्योती आईच्या मशीनपुढे रडत होती.

"आई, लोकांच्या घरी चालतं ते आपल्या घरी का चालत नाही? माझं वर्ष गेलं तर तुझं तत्त्व मला ॲडमिशन देणार आहे का?"

दुकानदाराकडून चोरीची प्रत आणायला मावशी तयार नव्हती आणि विकतची परवडण्यासारखी नव्हती. मी अर्थात मावशीच्या बाजूनं भाषण केलं. "तू गप," दोघीही एकदम म्हणाल्या.

विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवून बघायची एक सोय असते. मावशीनं रविवारभर खटपट करून त्यातून ती सीडी उघडली. प्रश्न दिसले; आकृत्यांच्या जागी मात्र रिकामे चौकोन. ज्योतीनं डोळे पुसत वाचलं, "खालील परिपथातील रोध काढा. आई, इथं डब्बा आहे. डब्ब्याचा रोध काढू का?" काका त्या दिवशी घरी होते. ते एवढे हसले की त्यांना बाहेर जाऊन बसावं लागलं.

मग मावशीनं सीडीतले प्रश्न आणि चित्रं वेगळी काढली आणि मासिकांतले धडे बघून स्वतःचा एक साधा प्रोग्राम लिहून त्यात बसवली. प्रश्न येई, पर्याय येत, चुकलं की पडद्यावर उमटे, "पुन्हा बघ गं." ज्योतीचा चेहरा फुलला. शेजारच्या खोल्यांतल्या पोरीही येऊ लागल्या, अर्धापूरची, शिरूर अनंतपाळची, वेगवेगळ्या क्लासच्या. मला तर वाटलं, क्रांती झाली.

बातमी क्लासच्या सरांपर्यंत गेली. ते स्वतः घरी आले. आवाज चढवला नाही, पाणीही घेतलं.

"ताई, ही सीडी आमच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तुम्ही ती सगळ्यांना वाटून राहिल्या. असं असेल तर ज्योतीचं नाव कमी करावं लागेल."

ज्योती दाराआड पांढरी पडली. माझ्या अंगात मात्र वडिलांची सगळी पत्रकं संचारली. "ज्ञान काय कुणाच्या बापाचं असतं का?" मी म्हणाले.

"पुढारीण, बस खाली," मावशी म्हणाली. "सर, तुमचं बरोबर हाय. तुम्ही बसून प्रश्न काढले. मी तुम्हाला विचारलं न्हाई. दुकानदाराला चोर म्हणून मी घरी आले, आन हितं तेच करून राहिले. पुसून टाकते. पोरीचा ह्यात काही संबंध न्हाई, तिला काढू नका."

सगळ्या पोरी ऐकत होत्या. सरांनी ज्योतीचं नाव ठेवलं, पण सीडी परत नेली.

मावशीनं त्यांच्यादेखतच मशीनवरचे प्रश्न पुसले. मग दुसऱ्या प्रतीसाठी मुदखेडला फोन लावला. "अहो, ती परवाची सीडी मोडून टाका." काकांनी हुकूम पाळला, पण भजनांची सीडी मोडली. पुढच्या रविवारी खरी सीडी घरी आणून मोडली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

मी तिच्याशी दोन दिवस भांडले. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी काय करायचं, असं विचारलं. "ते मला ठाव न्हाई," ती म्हणाली. "पण दुसऱ्याचं न विचारता उचलून वाटलं तर त्याला मी दानधर्म म्हणणार न्हाई. लिनक्सवाल्यांनी काय कुणाचं उचललं? बसून लिहिलं की." माझ्याकडे उत्तर होतं, पण ते पत्रकातलं होतं.

तिसऱ्या दिवशी, आईशी अबोला धरलेली ज्योती वही घेऊन मशीनपुढे आली. आईनं सगळ्यांसमोर चूक कबूल केली हे तिला लागलं होतं.

"आई, तुझ्या प्रोग्राममध्ये प्रश्न कसा भरायचा?"

"कुणाचा प्रश्न?"

"माझा. मी काढलाय."

तो प्रश्न विहिरीवरच्या मोटारीच्या शक्तीचा होता आणि त्याचं उत्तर चुकीचं होतं. अर्धापूरच्या पोरीनं ते पकडलं, कारण त्यांच्या केळीच्या बागेत मोटार होती. "एवढ्या मोटारीनं केळी काय, कोथिंबीर पण भिजणार न्हाई!" ती ओरडली. मग तिनं स्वतःचा एक काढला. मावशीनं तिथंच नियम घातला, की इथले प्रश्न वापरायचे तर आपला एक भरायचा. पोरी एकमेकींना अडवायला इतके वाकडे प्रश्न काढू लागल्या, की ते रचता रचताच धडे पाठ झाले. भांडणं व्हायची, पुस्तकं आपटली जायची. मावशी शेंगा फोडत मधे म्हणायची, "आवाज कमी, उत्तर नीट."

ज्योतीला नांदेडला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. निकालानंतर सर पेढे घेऊन आले. चौकातल्या बोर्डासाठी तिचा फोटो हवा होता. मी तोंड उघडणार तोच मावशीनं माझ्या हातात चहाचं आधण ठेवायचं पातेलं दिलं. फोटो मिळाल्यावरही सर उठेनात.

"ताई, ते पोरींनी काढलेले प्रश्न... पुढच्या बॅचला वापरले तर चालेल का?"

मावशी काही बोलायच्या आत ज्योतीनं खुर्ची ओढली. "चालेल की सर. पण आमच्याकडं असं हाय, आधी तुमचा एक भरावा लागतो."

सर हसले आणि बसले. माउस शोधला, पण इथं सगळं कळफलकावरच चालायचं. बराच वेळ टंकून झाल्यावर ज्योती मागून म्हणाली, "सर, एकक राहिलं." मावशी स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसत होती आणि डोळेही पुसत होती.

मावशी आता निवृत्त होऊन मुदखेडला असते. पत्रकं मी अजून लिहिते आणि छापण्याआधी तिला वाचून दाखवते. मागच्या महिन्यात फोनवर तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मागण्या लई झ्याक हायत," ती म्हणाली. "आता तुम्ही काय देणार, ते कुठं लिहिलंय?"

ते लिहिलेलं नव्हतं. पत्रक छापायला दोन दिवस उशीर झाला.