पाडव्याचा कडुनिंब आणि प्रल्हादभाऊंचं श्रीखंड

एक माणूस सोडला तर हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. त्या पाडव्याला बुऱ्हाणपूरच्या लालबागमधल्या आमच्या गल्लीत जी माणसं आजारी पडली, ती मिठाईवाल्या प्रल्हादभाऊंच्या श्रीखंडाने पडली नव्हती. गल्लीमागच्या सार्वजनिक बागेतल्या कडुनिंबाने पडली होती. आणि त्या कडुनिंबावर औषध मी मारून घेतलं होतं.

शहराच्या बागा सांभाळणारा सुपरवायझर म्हणून मी नोकरी करतो. झाडं, लॉन, कारंजी, फवारणी, सगळं माझ्याकडे. बुऱ्हाणपुरात फवारणी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. केळी आणि कपाशीवर ती सदा चालूच असते. पण शेतात मालकाला ठाऊक असतं की काल औषध मारलंय. बागेत येणाऱ्याला कसं कळणार? म्हणून आमचा नियम आहे. आदल्या दिवशी प्रत्येक गेटवर बोर्ड लावायचा, कचरागाडीच्या भोंग्यावरून सांगायचं, आणि ‘वेटिंग पीरियड’ संपेपर्यंत बोर्ड काढायचा नाही. वेटिंग पीरियड म्हणजे फवारल्यानंतर पानाफळाला तोंड लावायचं नाही तो काळ.

त्या वर्षी कडुनिंबांवर रस शोषणारी कीड पडली होती. ही कीड चिकट पाणी टाकते. खालचे बाक, फरशी, सगळं चिकट. पाडव्याच्या संध्याकाळी नेमका त्याच झाडांखाली नववर्षाचा कार्यक्रम ठेवलेला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब बाहेरचे, नुकतेच बदलून आलेले.

“पाटीलजी, मेहमानों के कपड़े खराब होंगे. आज ही दवा मारो.”

“सर, बोर्ड लगाना पड़ेगा. पाडवे के बाद तक रखना पड़ेगा.”

“कार्यक्रम के गेट पर जहर का बोर्ड? फिर आएगा कौन, आप और मैं?” साहेब हसले. “अरे, पेड़ पर मारना है. पत्ते कोई खाता है क्या?”

इथे मी बोलायला हवं होतं. पाडव्याला आम्ही कडुनिंबाची कोवळी पानं, फुलं, गूळ, जिरं वाटून खातो, हे साहेबांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. गल्लीतली निम्मी घरं ती पानं त्याच बागेतून नेतात, हेही माहीत होतं. पण वर्षभर अडकलेली माझी बढती त्याच टेबलावर होती. मी “जी सर” म्हणालो. त्याच दुपारी आमच्या माणसांनी पंप चालवला. बोर्ड स्टोअरमध्येच राहिले.

औषध आंतरप्रवाही होतं. म्हणजे ते पानावर बसत नाही, पानाच्या आत शिरतं. धुऊन जात नाही. आणि कडुनिंब मुळातच कडू, त्यामुळे चवीवरूनही कुणाला शंका येत नाही.

घरी आल्यावर बायकोला म्हणालो, “यंदा बागेतला कडुनिंब आणू नको. किडका आहे. मी बहादरपूरहून, भावाच्या शेतातून आणतो.” ती बरं म्हणाली. सगळ्या शहरात नोटीस मिळाली ती एका घराला. माझ्या.

पाडव्याच्या दुपारी शेजारचा नितीन धावत आला. “काका, आईले पहा ना, कसं करतेय!” सुमनकाकूंना शुगर होती. कडुनिंब चांगला म्हणून त्या चमचाभर नाही, मूठभर खायच्या. उलट्या चालू होत्या, तोंडातून लाळ गळत होती, साडी घामाने भिजलेली. गल्लीतल्या आणखी काही घरांतही उलट्या आणि पोटात कळा. आम्ही काकूंना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

“सकाळपासून काय खाल्लं?” डॉक्टरांनी विचारलं.

“श्रीखंड-पुरी,” नितीन म्हणाला. “सगळ्यांच्या घरी तेच. प्रल्हादभाऊंकडचं.” कडुनिंबाचं नाव त्याने घेतलं नाही. प्रसादासारखी गोष्ट, ती जेवणात कोण मोजतं?

डॉक्टर फूड पॉयझनिंग म्हणून सलाईन लावू लागले. काकूंच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. फवारणीचं औषध पोटात गेलं की असं होतं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. मी डॉक्टरांना बाजूला घेतलं. “साहेब, मी फवारणीचंच काम बघतो. हे औषधाचं वाटतंय. डोळे बघा.”

त्यांनी टॉर्च मारून पाहिलं आणि लगेच दुसरं इंजेक्शन मागवलं. मग माझ्याकडे वळले. “बरोबर आहे तुमचं. पण औषध गेलं कुठून?”

नितीन माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, “श्रीखंडातच काही पडलं असेल. दुकानात उंदरा-झुरळांचं औषध ठेवतात कधी कधी.”

काकू वाचल्या. बाकीचेही बरे झाले. नितीन माझे हात धरून रडला. गल्लीत मी देवमाणूस झालो.

प्रल्हादभाऊंच्या दुकानासमोर संध्याकाळपर्यंत गर्दी जमली. कुणीतरी चक्क्याचं पातेलं रस्त्यावर ओतलं. दुसऱ्या दिवशी सॅम्पल गेलं, दुकान बंद करायला लावलं. पुढे रिपोर्ट आला, त्यात काहीच निघालं नाही. पण तोवर गिऱ्हाईक तुटलं होतं. “पैसे देऊन रिपोर्ट आणला,” असं लोक म्हणायचे. माझ्यासमोरही म्हणायचे. काही महिन्यांनी भाऊंनी दुकान विकलं.

मला बढती मिळाली. साहेबांची बदली झाली. आता बोर्ड लावल्याशिवाय मी पंप उचलू देत नाही, आणि कुणी वरून ओरडलं तरी ऐकत नाही. नव्या पोरांना वाटतं पाटीलसाहेब फार कडक आहेत.

यंदा पाडवा झाल्यावर जवळच्या शाहपूरला गेलो. प्रल्हादभाऊ तिथे दुसऱ्याच्या दुकानात भट्टीवर मावा आटवतात. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. झारा फिरवत ऐकत होते. मावा खाली लागू दिला नाही.

“दुकान खाली केलं त्या दिवशी भांडी टेम्पोत कोणी चढवली, आठवते?”

“मी.”

“तुम्हीच. मी घरी म्हटलं होतं, सगळी गल्ली फिरली, एक पाटील नाही फिरले.”

“भाऊ, माफ करा.”

“मले काय सांगता? माझं श्रीखंड चांगलं होतं हे मले तेव्हाही माहीत होतं. ज्याले माहीत नाही त्याले सांगा ना.” मग मालक बघतोय म्हणून आवाज उतरवला. “चला, व्हा बाजूले. भट्टी तापली आहे.”

एवढ्या वर्षांत कामातून एक शिकलो. औषध मारलंय हे लोकांना आधी सांगायला एक पाटी पुरते. नंतर सांगायला माणूस लागतो, आणि तो सहसा मिळत नाही.

हे छापून आलं तरी आमच्या गल्लीत कुणी वाचेलच असं नाही. म्हणून हे लिहून माझं काम संपत नाही. श्रीखंडात काही नव्हतं, औषध आमचं होतं आणि डॉक्टरांना खोटं मी सांगितलं, हे सुमनकाकूंच्या आणि नितीनच्या तोंडावर, आणि मग गल्लीतल्या प्रत्येक दारात उभं राहून सांगणं माझ्याकडे बाकी आहे. अजून एकाही दारात गेलेलो नाही.