तात्यांनी राखलेला नेचा

डाळजला माझ्या चुलत्यांचं, तात्यांचं, शेत उजनी धरणाच्या पाण्याला लागून आहे. पाणी मागं सरलं की उघड्या पडलेल्या गाळात तात्या हरभरा टाकतात. मी बारामतीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. गेल्या हिवाळ्यात त्या गाळावर मला चार पानांचा एक नेचा दिसला. बोटभर उंचीचा, पानांवर लव, कडा दातेरी. शेजारी पाण्यातही एक नेचा तरंगत होता, पण त्याची पानं गुळगुळीत, कडा सरळ आणि देठ लांबलचक. कुणीही दोन वेगळ्या जाती म्हटलं असतं. गाळातला माझ्याजवळच्या कुठल्याच वर्णनाशी जुळेना, तेव्हा तोंडून निघून गेलं, "तात्या, ही नवीन जात असेल."

"नवीन म्हंजी? कुणालाच ठावं न्हाय?"

"बहुतेक."

तेवढ्या शब्दावर त्यांनी नेचा उगवलेली गाळाची ती पट्टी पेरलीच नाही. म्हशीही तिकडं फिरकू दिल्या नाहीत.

पाणी कमीजास्त झालं की चार पानांचा नेचा रूप बदलतो, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. तरी स्वतःच्या शोधाच्या वेळी ते बाजूला ठेवलं. गच्चीवर दोन टब मांडले तेही नंतर, नुसत्या खात्रीसाठी. गाळातला पाण्यात बुडवला, पाण्यातला चिखलात लावला. नवी पानं आली तशी माझी झोप उडाली. बुडवलेला गुळगुळीत झाला, चिखलातल्याला लव आली. पुढं चिखल वाळला तेव्हा देठांच्या बुडाशी बीजाणूंच्या टणक गाठी धरल्या, त्यांवरूनच जात ओळखतात, आणि शंकाच उरली नाही. दोन्ही एकच, कुठल्याही पाणथळीत सापडणारी साधी जात.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही. डाळजला गेले, तर ओसरीवर शेजारचे दोघं चहा पीत बसलेले.

"हीच आमची पोरगी," तात्या म्हणाले. "हिनंच हुडकलं ते."

तिथंच सांगून टाकलं. बोलताना नजर माझ्या हाती दिलेल्या कपातच होती.

"म्हंजी कालव्याच्या कडंला उगवतं त्येच?" तात्यांनी विचारलं.

"व्हय, तात्या."

चुलती दारातून म्हणाली, "हरभऱ्याचा वापसा तर गेला की, रानातली ओल सरली."

"तू गप गं," तात्या म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "पर ती लव कशी आली?" मी समजावलं. ते शेवटपर्यंत मन लावून ऐकत राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्या पट्टीत त्यांनी उशिरानं म्हशींसाठी मका टाकला.

निघताना हायवेपर्यंत सोडायला आले. एसटी दिसल्यावर म्हणाले, "आता कवा येतीस?"

पिशवी सावरत मी गाडीत चढले आणि तात्या दिसणार नाहीत अशा पलीकडच्या बाजूच्या खिडकीत जाऊन बसले.