बिनदेवाचा जावई

लहानू रामटेके यांना दोन सासुरवाड्या आहेत, ही गोष्ट मूलमधल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. त्यांची बायको कमलाबाई हिला ती सगळ्यांत आधी कळली होती आणि सगळ्यांत कमी आवडली होती.

लहानूभाऊ एसटीत कंडक्टर. उमेदीची वर्षं त्यांनी एटापल्लीच्याही पुढे, कोसमटोल्याच्या मुक्कामी गाडीवर काढली. गाडी दिवेलागणीला गावात पोचायची आणि सकाळी परत निघायची. मधल्या वेळात कंडक्टरने काय खायचे, ते ज्याचे त्याने पाहायचे. वाटेवरच्या एकदोन गावांत "कोणाचे तुमी?" असे विचारले की पुढे काय होते, ते त्यांना पाठ झाले होते. पाणी वरून, ओंजळीत यायचे.

कोसमटोल्यात सुकरीबाई नावाच्या गोंड बाईने पहिल्याच दिवशी अंगणात अडवून वेगळेच विचारले, "तुमी किती देवाचे?"

गोंडांत कोणी चार देवांचे असतात, कोणी पाच, सहा, सात. ज्यांचे देव सारखे ते आपसांत भाऊबंद. ज्यांचे वेगळे ते सोयरे, पोरी द्यायच्या-घ्यायच्या त्यांच्यातच.

"एकबी नाई," लहानूभाऊ म्हणाले. "आमच्या बाबानं छप्पनच्या साली चांद्याले दीक्षा घेतली. तवापासून देव बंद."

सुकरीबाईच्या नवऱ्याने, डोमाने, यावर बराच विचार केला. "म्हणजे शून्य देवाचा. शून्यवाला तं आपल्या गावात कोणीच नाई."

"मंग हा भाऊ कोणाचाच नाई," सुकरीबाईने निकाल दिला. "म्हणजे सोयरा सगळ्यायचा. जवाईच झाला." आणि ती पाय धुवायला लोटाभर पाणी घेऊन आली.

देव नसण्याचा इतका रोकडा फायदा लहानूभाऊंच्या ओळखीत कोणाला झालेला नव्हता. त्या दिवसापासून बदली होईपर्यंत ते त्या घरी जेवले. गावात कोणी त्यांना नावाने हाक मारली नाही. लहान पोरेसुद्धा "जवाई आला" म्हणत गाडीमागे धावायची. परत येताना पिशवीत मोहफुले असायची, नाहीतर चारोळी, नाहीतर मध. कमलाबाईने नवी नवरी असताना विचारले होते, "हे कोणं देल्लं?" लहानूभाऊ खरे बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "सासूनं."

तेव्हापासून पस्तीस वर्षे त्यांनी देवांचा तो हिशेब बायकोला समजावून सांगितला. कमलाबाई अंगणवाडीत होती. पोरांची कारणे ऐकण्यात तिचा जन्म गेला होता, आणि कारण जितके गुंतागुंतीचे तितके ते खोटे, असा तिचा अनुभव होता. "सासू आहे म्हणता, तं पोरगीबी असन," एवढेच ती म्हणायची.

म्हणून मुलाने, प्रफुलने, फोनवर एक फोटो दाखवला तेव्हा लहानूभाऊ एकदम उठून बसले. गडचिरोलीजवळ कोण्या संस्थेने उघड्यावरचे ग्रामजीवन संग्रहालय काढले होते. गावोगावची जुनी घरे उतरवून, वासा न् वासा ट्रकमधून आणून तिथे पुन्हा उभी केली होती. फोटोतले घर डोमाचे होते.

"चाल," ते कमलाबाईला म्हणाले. "आपल्या डोळ्यानं पाह्य."

"पाहतोच," कमलाबाई म्हणाली. आयुष्यभराचा खटला चालवायला निघालेल्या माणसासारखी ती तयार झाली.

संग्रहालय नेटके होते. लोहाराचा भाता होता, तेलाची घाणी होती, चावडी होती. गाव असूनही कुठे भांडण ऐकू येत नव्हते, तेवढेच काय ते खोटे वाटत होते. रश्मी नावाची माहिती सांगणारी मुलगी त्यांना शेवटच्या घरापाशी घेऊन आली. पाटीवर लिहिले होते, ‘आदिवासी घर (प्रातिनिधिक)’. डोमाचे हयातीत कोणाशीच एकमत झाले नव्हते. मेल्यावर तो सगळ्यांचा प्रतिनिधी झाला होता.

लहानूभाऊंनी कुडाच्या फाटकाशी चपला काढल्या आणि ते उभे राहिले.

"आत जा ना काका," रश्मी म्हणाली. "तिकिटात आहे ते."

"पाणी येऊ दे."

"तहान लागली का? नळ तिकडे आहे."

"तसं नाई, बेटा. पाय धुवाले पाणी आल्याबिगर कसा जाऊ?"

"काहो, इथी कोण आणते पाणी?" कमलाबाई दबक्या आवाजात म्हणाली. "लोकं पाहून राह्यले. चाला आत, नाईतं चाला घरी."

लहानूभाऊ हलले नाहीत. त्या अंगणात ते कधीच कोरड्या पायांनी गेले नव्हते, आणि आता तिकीट काढले म्हणून जाणे त्यांना जमत नव्हते.

घरातून धूर येत होता. धूर नसला की बांबूला घुण लागतो, हे संस्थेला एक छप्पर गमावल्यावर कळले होते, म्हणून रोज चूल पेटवायला एक बाई ठेवली होती. बाहेर कोण थांबले आहे ते पाहायला ती बाई दारात आली. पंचेचाळिशीची, बारीक, हातात फुंकणी. तिने त्या अनवाणी म्हाताऱ्याकडे पाहिले. मग ती आत गेली आणि लोटा घेऊन आली.

"जोहार, भाऊजी," ती म्हणाली. "लई वर्सं लावले."

कमलाबाईचा चेहरा असा झाला की रश्मी दोन पावले मागे सरकली.

"ही कोण?"

"मी इतवारी. सुकरीची पोरगी."

"पोरगी," कमलाबाई म्हणाली. पस्तीस वर्षांचा संशय लोटा घेऊन समोर उभा होता.

"हे यायचे तवा मी एवढीशी," इतवारीने कमरेखाली हात धरून दाखवला. "गाडीतून उतरले का मले जुनं तिकीट द्यायचे, खेळाले. माय मरतानाबी म्हणे, आपला बिनदेवाचा जवाई नाई आला. पोरीले कुठी घेऊन गेला का जाणे."

"कोणत्या पोरीले?" कमलाबाईने ताबडतोब पकडले.

इतवारीला प्रश्नच कळला नाही. "तुमाले ना, बाई. हे जवाई, तं यायची बायको आमची लेक नाई का?" आणि तिने लोटा उचलून कमलाबाईच्या पायांवर पाणी ओतले.

पस्तीस वर्षे हिशेब सांगून लहानूभाऊंच्या डोक्यात ही बाजू कधी आली नव्हती. कमलाबाईच्या तर नाहीच. तिचे स्वतःचे माहेर वर्धा नदीकाठचे. आईवडील गेले, भाऊ नव्हता, आणि गाव कोळशाच्या खाणीत गेले. माहेर म्हणजे आता एक खोल खड्डा होता, आणि त्याच्या काठाशी उभे राहायलाही पास लागत होता. ती ओल्या पावलांकडे पाहत राहिली.

"सुकरीबाई मले ओळखत होती?" तिने विचारले.

"पायलं नव्हतं. पण दर हंगामात मोहफुलं धाडे ना तुमाले. पोचत नव्हते का?"

"पोचत होते," कमलाबाई म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "पोचत होते, बाई."

संग्रहालयात खायला मनाई होती. घराबरोबर संस्थेने इतवारीलाही इथे आणले होते; तिचे खरे घर कुंपणामागे होते, पत्र्याचे, टीव्हीवाले. तिथे तिने भात, अंबाडीची भाजी आणि सुकट वाढली. कमलाबाई ताटे उचलायला उठली, तर इतवारीने तिला खाली बसवले. "माहेरी लेक काम नाई करत." पस्तीस वर्षांत कमलाबाईला कोणी बसवलेले लहानूभाऊंनी प्रथमच पाहिले, आणि स्वतःला ते कधी सुचले नाही हेही त्यांच्या लक्षात आले. त्यांनी मुकाट्याने स्वतःचे ताट उचलले. सुकरीबाईचे आभार इतवारीजवळ मानायला त्यांनी मनात शब्द जुळवले होते. पण इथे आभार मानलेले त्यांनी कधी ऐकले नव्हते. माणूस पुन्हा यायचा, एवढेच.

मूलच्या शेवटच्या गाडीची वेळ झाली तशी ते उठले. "चाल, कमले."

"तुमी जा," कमलाबाई म्हणाली. इतवारीचे लुगडे नेसून ती चुलीशी पाय पसरून बसली होती. "मी राहतो."

घरी प्रफुल दारातच भेटला. "आई कुठी आहे?"

"माहेरी."

"आईले कुठचं माहेर, बाबा?"

लहानूभाऊंनी चपला काढल्या, तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायले. "आहे. शुक्रवारी आणाले जातो. पिशवी मोठी काढून ठेव, रिकाम्या हातानं नाई सोडत थे लोक."